टाइल्स मारल्या की लोणा जातो का?

पत्र : नागपूरच्या महाल भागात आमचं जुनं घर आहे. आजेसासऱ्यांनी १९३८ च्या सुमारास बांधलेलं. दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंती, सागवानी मयाली (तुळया), वर मंगलोरी कवेलू (कौलं), मधे अंगण आणि विहीर. उन्हाळ्यात मधल्या खोलीत इतकं गार असतं की उठून जावंसं वाटत नाही. पण त्याच खोलीच्या अंगणाकडच्या भिंतीला साडेतीन फुटांपर्यंत लोणा लागलाय, म्हणजे ओल चढून क्षार फुटतात आणि भिंत झडते. दर दिवाळीला रंग द्यायचा आणि होळीपर्यंत पोपडे झाडून काढायचे. बारा वर्षांपूर्वी भिंतींना सिमेंटचं प्लास्टर केलं आणि अंगणात काँक्रीट घातलं, तेव्हा वाटलं होतं आता कटकट मिटली. मिस्त्री म्हणतो, ‘चार फूट टाइल्स मारून टाका ताई, झंझटच खतम. अन् कवेलू काढून टीन टाका.’ खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघालीये, एका मयालीखाली बारीक भुसा पडतो. रस्ता तर इतका वर आलाय की ओट्याच्या तीन पायऱ्यांची एक उरली. यजमान म्हणतात विकून टाकू. सासूबाई म्हणतात, काय करायचं ते करा पण दिवाळीआधी भिंत झाली पाहिजे. काय करू?

उत्तर : ताई, आधी टाइल्सचं बोलू, कारण मिस्त्री उद्या माप घ्यायला उभा राहील. टाइल्स लावू नका.

टाइल्सने लोणा जात नाही, वर सरकतो. दिव्यातली वात तेल ओढते तशी वीट भिंतीच्या पायातलं पाणी वर ओढते. हवा लागेल तिथे ते पाणी वाळतं आणि जमिनीतून सोबत आणलेले क्षार तिथेच ठेवतं. या क्षारांचे प्लास्टरच्या मागे स्फटिक होतात, ते फुगतात आणि प्लास्टर आतून ढकलून पाडतात. ओल साडेतीन फुटांवर थांबते याचा अर्थ एवढाच, की तिथवर चढणारं पाणी आणि वाळणारं पाणी यांचा हिशेब जुळतो. चार फूट टाइल्स लावल्या की खालचा वाळायचा भाग बंद होतो आणि पाणी टाइल्सच्या वर वाट शोधतं. दोन-तीन पावसाळ्यांत ओल पाच फुटांवर, म्हणजे स्विचबोर्डाच्या उंचीला येते. वॉटरप्रूफ पुट्टी, प्लास्टिक पेंट, इपॉक्सी यांचंही तेच होतं, फक्त टाइल्सपेक्षा लवकर कळतं.

तुमच्या पत्रात उत्तर आहेच. बारा वर्षांपूर्वी सिमेंट प्लास्टर झालं, अंगणात काँक्रीट झालं, रस्ता दोन पायऱ्या वर आला. आधी पावसाचं पाणी अंगणाच्या मातीतून वाळून जायचं. आता काँक्रीटखाली अडकलेल्या ओलीला वर यायला एकच जागा उरली, ती म्हणजे भिंतीचा पाया. भिंतीत शिरलेली ओल पूर्वी चुन्यातून दोन्ही बाजूंनी उडायची, तिला सिमेंटने झाकलं. खर्च करून तीन दारं बंद केली आणि पाणी आत राहिलं. आता ती उलट्या क्रमाने उघडायची आहेत. आधी बाहेरचं काम, मग भिंत, शेवटी रंग. बहुतेक घरांत पैसे वाया जातात ते हा क्रम फिरवल्यामुळे.

त्याआधी एक सोपी चाचणी करा. त्याच खिडकीत कूलर बसवता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण नागपुरात ही शंका घ्यावीच लागते. भिंतीच्या ओल्या भागावर एक फूट बाय एक फूट अॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला दव आलं तर ओल हवेतली आहे, म्हणजे कूलर चालू असताना समोरची खिडकी बंद राहते. फॉइलच्या मागे, भिंतीकडे थेंब दिसले तर ओल भिंतीतलीच. दोन्हीकडे दिसले तर दोन्ही. कूलर असल्यास तो भिंतीपासून अर्धा फूट सुटा, लोखंडी स्टँडवर ठेवा आणि टाकीचं जादाचं पाणी नळीने थेट नालीत सोडा. खिडकीखाली महिनोन्महिने टिपकणारा कूलर एकटाच एक भिंत सडवू शकतो. जवळ मोरी असेल तर तिथलंही बघा. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा काटा पाहून ठेवा, सकाळी पुढे गेलेला दिसला तर पाइप कुठेतरी फुटलाय.

आता अंगण. भिंतीलगतचं काँक्रीट दीड फूट रुंदीत कापून काढा, सगळं अंगण फोडायची गरज नाही. तिथे फूटभर खोल चर घ्या. चरीचा तळ भिंतीपासून दूर, चार फुटांना एक इंच या उतारावर हवा आणि चर कुठेतरी बाहेर, नालीत संपली पाहिजे. हे शेवटचं वाक्य मिस्त्रीला दोनदा सांगा. आपल्या काळ्या मातीत पाणी खाली जिरत नाही. बाहेर वाट न देता चरीत गिट्टी भरली तर भिंतीच्या पायथ्याशी तुम्ही स्वतःच टाकी बांधली असं होतं. वाट असेल तर तळाशी छिद्रांचा पाइप, वर २० मिलिमीटर गिट्टी, असं वरपर्यंत भरा आणि उघडंच ठेवा. चर पायापेक्षा खोल जाऊ देऊ नका. जुन्या घरांचे पाये काही ठिकाणी दोनच फुटांवर असतात, त्यामुळे खोदण्याआधी एका जागी हाताने पाहून घ्या. रस्त्याकडच्या बाजूला रस्ता खाली करणं तुमच्या हातात नाही. पण ओट्याच्या कडेला सहा इंचांची नाली काढून तिला उतार देता येतो, म्हणजे रस्त्याचं पाणी घराकडे वळणार नाही. छपराचं पाणीही भिंतीच्या पायथ्याशी पडू देऊ नका. पन्हळीचं पाणी गाळून विहिरीत सोडता आलं तर उत्तम.

हे सगळं मृगाच्या आधी व्हायला हवं. भिंत उघडायची ती होळी झाली की, एप्रिल-मेचं ऊन फुकट मिळतं म्हणून. सिमेंट प्लास्टर लोण्याच्या रेषेच्या वर किमान एक फूट, म्हणजे तुमच्याकडे साडेचार फुटांपर्यंत काढा. छन्नी-हातोडीने काढायचं, ब्रेकर मशीन नको. जुन्या विटा नरम असतात, मशीन प्लास्टरसोबत विटेचा चेहराही ओढून आणतं. सांध्यांतला भुसभुशीत चुना पाऊण इंच खोल खरवडा. भिंत कोरड्या ब्रशने झाडा आणि पडलेली भुकटी पोत्यात भरून घराबाहेर टाका. भिंत धुवायचा मोह होईल, पण धुऊ नका. पाण्यात क्षार विरघळतात आणि पुन्हा विटेत जातात. दर पंधरा दिवसांनी पुन्हा झाडा, कारण वाळताना भिंत आणखी क्षार बाहेर टाकेल. हे दिसलं की घाबरू नका, ते बाहेर येणंच आपल्याला हवंय.

किती दिवस वाळवायची? ढोबळ नियम असा, की भिंतीच्या एक इंच जाडीला एक महिना. अठरा इंचांच्या भिंतीला दीड वर्ष! सिमेंट लावायचं असेल तर खरंच तेवढं थांबावं लागेल. चुन्याला थांबावं लागत नाही. चुना उरलेली ओल स्वतःतून बाहेर सोडतो, म्हणून एक उन्हाळा आणि त्यानंतर पाऊस सरल्यावरचा महिनाभर पुरतो. प्लास्टर करायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीत. मे महिन्यात नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत चुन्याचं पाणी उडून जातं, तो घट्ट होण्याऐवजी पीठ होतो आणि बोट फिरवलं की झडतो. श्रावणात तो वाळतच नाही.

चुना कळीचा, म्हणजे न विरवलेला, खड्यांचा घ्या. दुकानात एक खडा पाण्यात टाकून पाहा. तो उकळून फुटला पाहिजे, तसाच पडून राहिला तर चुना मेलेला आहे. विरवताना, म्हणजे पाण्यात फोडताना, लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग त्यात थोडा-थोडा चुना. उलट, म्हणजे चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळून अंगावर येतो आणि डोळ्यांत गेला तर डोळा जातो. चष्मा, हातमोजे घाला आणि मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नका. प्लास्टिकची बादली या उष्णतेने वितळते. विरलेला चुना चाळून, वर पाण्याचा थर ठेवून किमान एक महिना मुरू द्या. म्हणजे प्लास्टर नोव्हेंबरात असेल तर चुना दसऱ्याच्या आधीच भिजवायला हवा. पोत्यातली हायड्रेटेड, म्हणजे आधीच विरवलेल्या चुन्याची पूडही चालते, तीसुद्धा एक-दोन दिवस भिजवून. मुरलेल्या चुन्याची सर मात्र तिला नाही.

ओल्या पायथ्यासाठी प्रमाण ठेवा एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची पूड. तिच्यामुळे चुना ओलीतही घट्ट होतो. वाळू कन्हानची, धुतलेली आणि चाळलेली. तुमची भिंत बारा फूट लांब धरली तर साडेचार फूट उंचीपर्यंत ५४ चौरस फूट होतं. एक इंच जाडीला सिमेंटच्या रिकाम्या पोत्याच्या मापाने साधारण सव्वा पोतं चुना, सव्वा पोतं सुरखी आणि अडीच पोती वाळू लागेल. सगळी जाडी एकाच हाताने लावू नका, अर्ध्या-अर्ध्या इंचाचे दोन हात द्या, मधे आठ-दहा दिवस. पहिल्या हाताआधी विटा पाण्याच्या फवाऱ्याने दमट करा, पण न्हाऊ घालू नका. लावल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट समोर टांगा आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. भेगा दिसल्या तर ओल्यातच लाकडी रंध्याने दाबून घ्या.

आता मिस्त्रीवर लक्ष ठेवायचं कारण. बहुतेक मिस्त्री चुन्यात ‘थोडंसं सिमेंट’ टाकतात, लवकर धरतं म्हणून. यात त्याचा काही डाव नसतो, त्याला तसंच शिकवलंय. पण एवढ्याशा सिमेंटने चुन्याची ताकद उलट कमी होते आणि ओल बाहेर सोडायचा त्याचा गुण जातो. घमेल्यातला माल करडा दिसला तर तिथेच थांबवा. सुरखीचा माल गुलाबी असतो.

रंग चुन्याचाच द्या, दुधाइतका पातळ, तीन-चार हात, प्रत्येक हाताआधी भिंत दमट करून. धरून राहावा म्हणून थोडा भिजवलेला डिंक घाला. काही जण मीठ घालतात. तुमच्या भिंतीला मीठ म्हणजे लोण्याला पुरणपोळी, ते टाळा.

भिंतीत छिद्रं पाडून रसायन भरायचा सल्लाही कोणी देईल. एकसंध, पातळ भिंतीत ते कधी चालतं. दीड फुटांच्या जुन्या भिंतीत आत मातीची किंवा तुकड्यांची भर असू शकते, रसायन कुठे गेलं हे कोणालाच कळत नाही.

कवेलूंचं. टीन टाकल्यावर मे महिन्यात तुमची ती गार मधली खोली राहणार नाही. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, टीन तापतो आणि खाली झळ टाकतो. पावसात फोनवर बोलता येत नाही ते वेगळंच. शिवाय मंगलोरी कवेलूंचं छप्पर एका चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो भरतं, म्हणून उन्हाळी वादळात बसून राहतं. टीन हलका असल्याने हुक-बोल्ट सैल असतील तर उडतो. म्हणून कवेलू काढून टाकू नका, फेरून घ्या, म्हणजे उतरवून, तपासून पुन्हा बसवून घ्या. दुपारी बाराला माळ्यावर चढा, खालची दारं बंद करा. उजेडाचे ठिपके जिथे दिसतील तिथे खडूने खूण करा. पाणी जिथे टिपकतं तिथेच गळतं असं नाही, ते फाट्यावरून, म्हणजे कवेलूंखालच्या लाकडावरून, दहा फूट धावून मग खाली पडतं. सगळ्यात जास्त गळती असते दोन उतार मिळतात त्या खोलगट कोपऱ्यात. तिथला जुना पत्रा काढून २४ गेजचा गॅल्वनाइज्ड पत्रा टाका, जोडावर सहा इंच चढता. जुने कवेलू टिचकी मारून तपासा, खणखणला तो ठेवा, भदभदला तो बाजूला काढा. नवे घेताना दोन नमुने घरी आणा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, चोवीस तास पाण्यात ठेवा आणि पुसून पुन्हा तोला. सव्वादोन किलोचं कवेलू दोन किलो सातशे ग्रॅमच्या आत राहिलं पाहिजे. जास्त भरलं तर ते पाणी पितं. कवेलू ज्यांवर बसतात त्या लाकडी पट्ट्यांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका, तुमचीच चार कवेलू मांडून मोजा, कारण जुन्या आणि नव्या कवेलूंच्या मापात फरक पडतो. फेरणारा माणूस दोरीला बांधलेला असावा आणि आडवी शिडी टाकून तिच्यावरच चालावा.

भेग. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने एक-एक खूण करा, मधलं अंतर मोजा, तारीख लिहा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा मोजा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. भेग मेमध्ये उघडून ऑगस्टमध्ये मिटत असेल तर घर मातीसोबत श्वास घेतंय, तिथे चुना भरला की झालं. सिमेंट भरलं तर शेजारी नवी भेग पडेल. मात्र ती पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल आणि दर महिन्याला वाढतच असेल, किंवा ओळंबा सोडल्यावर भिंतीचं पोट इंचभर बाहेर दिसत असेल, तर मिस्त्री नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि तो येईपर्यंत त्या भिंतीला लागून कोणी झोपू नये. भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं तर ते तोडून भागत नाही. सांधे मोकळे करून मूळ ओढून काढा आणि जागा चुन्याने भरा.

भुशाचं ऐकून बरं वाटलं, कारण कोरडा, पिठासारखा भुसा वाळवीचा नसतो, तो लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचा. वाळवी मातीच्या नळ्या करते. पेस्ट कंट्रोलवाल्याला हा फरक सांगा, नाहीतर तो जमिनीत औषध सोडून निघून जाईल. ते औषध तुम्हाला विहिरीजवळ मुळीच नको. भुंग्यासाठी छिद्रांत सिरिंजने औषध भरतात. सागवानाचा गाभा भुंगा सहसा खात नाही, बाहेरचा फिकट थर खातो. पेचकस जोर लावून टोचा. पाव इंचापेक्षा आत गेला नाही तर मयाल मजबूत आहे. एक जागा नक्की तपासा, भिंतीत शिरलेलं तिचं टोक. ओल्या भिंतीतलं टोक आधी कुजतं आणि बाहेरून कळत नाही. कुजलं असेल तर टेकू देऊन तेवढाच तुकडा बदला. नव्या टोकाभोवती अर्धा इंच हवा सोडा, सिमेंटने गच्च करू नका.

कूलरचं एक काम मात्र उन्हाळ्याआधी करा, बाकी सगळं थांबलं तरी चालेल. जुन्या घरात लाकडी पट्टीवरचं वायरिंग अजून चालू असेल आणि अर्थिंग नसेल, तर लोखंडी कूलर आणि ओली फरशी ही जोडी जीव घेते. मुख्य बोर्डात ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा, कूलरच्या सॉकेटपर्यंत अर्थची वायर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, आणि टाकी भरताना नुसतं बटण नव्हे, प्लगच काढा. ओलीच्या रेषेजवळ स्विचबोर्ड असेल तर तो दुसऱ्या भिंतीवर न्या.

यजमानांना सांगा, लोणा हे घर विकायचं कारण नाही. पोट सुटलेली भिंत किंवा दोन्ही टोकांना कुजलेल्या तीन-चार मयाली असतील तर तो वेगळा हिशेब, आणि तो भेगेच्या सहा महिन्यांच्या नोंदी हातात आल्यावर मांडा. तोवर दलालाला घर दाखवू नका, सोललेली भिंत पाहून तो भाव पाडेल.

सासूबाईंची अट तेवढी या दिवाळीला पुरी होणार नाही, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा. बाकीच्या तीन भिंतींना चुना द्या, थोडी नीळ घालून, म्हणजे खोली उजळ दिसेल. उघड्या भिंतीसमोर कपाट किंवा दिवाण लावू नका. जुनं सुती लुगडं दोन खिळ्यांवर टांगा, भिंतीपासून चार बोटं सुटं आणि जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे मागून हवा खेळेल. पाहुणे गेले की ते काढून ठेवा.